जपमाळेतील एक शब्द

ऑक्टोबर हा पवित्र जपमाळेचा महिना, आणि आमच्या वाशिम जिल्ह्यात तो सोयाबीनच्या सोंगणीचाही महिना. दिवसभर रानात वाकून आलेली माणसे हातपाय धुऊन, चार घास खाऊन जपमाळेला बसेपर्यंत रात्रीचे नऊ वाजून जातात. रिसोडच्या बाजूला आमच्या धर्मग्रामाची कुटुंबे सातच. महिन्यातून एकदा आम्ही तेथे जातो, कोणाच्या तरी ओसरीवर टेबल मांडून, त्यावर धुतलेली चादर अंथरून मिस्सा अर्पण करतो आणि मुक्काम असला तर रात्री घरच्यांबरोबर जपमाळेला बसतो. मोठमोठ्या धर्मग्रामांत राहणाऱ्या वाचकांना सात हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु सेमिनरीत ज्या विषयात आम्ही उत्तम गुण मिळवले होते, तो विषय आम्हाला खऱ्या अर्थाने कळला तो ह्या सात घरांपैकी एका घरात. त्याचीच ही हकीकत आहे.

काही वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात त्या घरातील एकोणीस वर्षांचा मुलगा सर्पदंशाने गेला. सोंगलेल्या सोयाबीनची गंजी लावताना त्याने ढिगाखाली हात घातला, आणि वाशिमच्या वाटेवरच सारे आटोपले. निरोप मिळताच आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी दफनविधी झाला. माती देऊन माणसे पांगली. संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो असता मुलाची आई समोर येऊन बसली. ती रडत नव्हती. तिचे रडून संपले होते. थोड्या वेळाने तिने विचारले, "फादर, माह्या लेकराचा जीव जात होता तवा देवाले काही वाटलं असन का?"

आम्ही थकलेलो होतो, ही सबब आम्ही पुढे करीत नाही. आम्ही उत्तर दिले ते जाणूनबुजून, नीट शब्द जुळवून दिले. देव दुःखाच्या पलीकडे आहे, असे आम्ही सांगितले. तो बदलत नाही, त्याला वेदना शिवत नाहीत. प्रभू येशूने क्रुसावर जे सोसले ते त्याच्या मनुष्यपणाने सोसले. त्याच्या देवपणाला त्या वेदनेचा स्पर्श झाला नाही. ह्या उत्तरातील एकाही वाक्यावर परीक्षकाने लाल रेघ मारली नसती. त्या बाईने ते शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजे देव कोरडाच रायला म्हना," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

रात्री जपमाळ झाली. मुलाची आजी जपमाळ चालवीत होती. तिला अक्षरओळख नाही, पण साऱ्या प्रार्थना मुखोद्गत आहेत. दुःखाची रहस्ये चालली होती. आजी अर्धी प्रार्थना म्हणे आणि उरलेली अर्धी आम्ही सारे म्हणत असू. प्रत्येक वेळी आमच्या वाट्याला मरियेला 'देवाच्या माते' अशी हाक येत होती. ती हाक आम्ही आयुष्यात किती लक्ष वेळा मारली असेल! त्या रात्री मात्र ती घशात अडकू लागली. जपमाळ संपल्यावर आजी सुनेजवळ सरकली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अवं पोरी, देवाची माय बी अशीच बसली होती, मेलेलं लेकरू मांडीवर घिऊन. लेकरू तिचं, अन् देव बी थोच."

आमची मान आपोआप खाली गेली. जे सांगण्यासाठी प्राचीन ख्रिस्तसभेला चार विश्वपरिषदा आणि सव्वाशे वर्षे लागली, ते त्या म्हातारीने एका दमात सांगितले होते. आणि जी चूक टाळण्यासाठी त्या परिषदा भरल्या होत्या, तिच्या अगदी काठावर आम्ही संध्याकाळी जाऊन आलो होतो. त्या रात्री झोप लागली नाही. परत आल्यावर आम्ही सेमिनरीतील जुन्या वह्या काढल्या. त्यांत जे वाचले, ते रिसोडच्या त्या ओसरीवर बसून वाचावे तसे वाचले. वाचकांनीही ते तसेच वाचावे, अशी आमची विनंती आहे.

चौथ्या शतकाच्या आरंभी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरात आरियस नावाचा एक धर्मगुरू होता. तो विद्वान होता, तपस्वी होता आणि आपली शिकवण पद्यात गुंफण्याची कला त्याला साधली होती. देव एकच, अजन्मा, अविकारी. म्हणून त्याचा पुत्र हा देवाने निर्माण केलेला, सर्व सृष्टीत श्रेष्ठ, पण शेवटी सृष्टीपैकीच, असे तो शिकवी. त्याचा हेतू वाईट नव्हता. देवाच्या थोरवीला धक्का लागू नये, एवढीच त्याची काळजी होती. भूक, तहान, घाम, रक्त ह्यांच्याशी परमेश्वराचा थेट संबंध जोडायला त्याचे मन धजत नव्हते. सम्राट कॉन्स्टंटाईन ह्याने ३२५ साली नायसिया येथे बिशपांची परिषद बोलावली. सुमारे तीनशे बिशप जमले. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, असे त्यांनी ठरवले. रविवारच्या मिस्सेत आपण जो विश्वासांगीकार म्हणतो त्याचे बीज तेथले आहे. २०२५ साली त्या परिषदेला १,७०० वर्षे पूर्ण झाली.

परिषदेने ठराव केला म्हणून वाद मिटला नाही. आरियसच्या मताला पुढे सम्राटांचाही आश्रय मिळाला आणि नायसियाचा पाठपुरावा करणारे अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथनेशियस ह्यांना पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. निस्साचे संत ग्रेगरी ह्यांनी कॉन्स्टँटिनोपल नगराचे मोठे मजेदार वर्णन केले आहे. तेथे नाणी मोडून देणारा सराफ, पाव विकणारा भटारी, स्नानगृहातला गडी, ज्याला काही विचारावे तो पिता आणि पुत्र ह्यांच्या संबंधावर प्रवचन देऊ लागे. आपल्याकडे चहाच्या टपरीवर निवडणुकीचे राजकारण चालते, तसे तेथे धर्मशास्त्र चाले! सेमिनरीत हे वाचताना आम्ही हसलो होतो. आता वाटते, त्या भटाऱ्याच्या घरातही कोणी मेले असेल आणि त्यालाही ठाऊक करून घ्यायचे असेल, की आपल्या घरी आलेला तो खरोखर देव होता, की देवाने पाठवलेला कोणी दूत.

आरियसला उत्तर देण्याच्या भरात काही जण दुसऱ्या टोकाला गेले. लाओदिकीयाचा बिशप अपोलिनारिस हा नायसियाचा कट्टर समर्थक. ख्रिस्ताने देह मनुष्याचा घेतला खरा, पण त्या देहात मानवी मनाच्या जागी देवाचा शब्दच होता, असे तो म्हणू लागला. येथे आम्हाला आमच्या वऱ्हाडातील एक प्रसंग आठवतो. ह्या प्रदेशात महानुभाव पंथाची मुळे खोल गेलेली आहेत. त्यांचे रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. द्वारकेच्या श्रीचांगदेव राऊळांनी आपला देह ठेवून भडोचच्या मृत हरिपाळदेवांच्या देहात प्रवेश केला आणि तेच पुढे श्रीचक्रधर म्हणून प्रकट झाले, अशी त्या पंथाची श्रद्धा आहे. त्या पंथाचे एक वयस्कर शिक्षक आमच्या चांगल्या परिचयाचे. त्यांनी एकदा सहज विचारले, "फादर, तुमच्या येशूचंही असंच का? देह माणसाचा आणि आत परमेश्वर?"

प्रश्न आदराने विचारलेला होता आणि दुसऱ्याच्या श्रद्धेची मीमांसा करणे हे आमचे काम नव्हे. पण आमच्या श्रद्धेपुरते उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने दिलेले आहे. त्या काळी नझियान्झसच्या संत ग्रेगरींनी एक साधी कसोटी मांडली होती. देवाच्या पुत्राने मनुष्याचे जे जे स्वीकारले, तेच बरे झाले. जे स्वीकारलेच नसेल ते बरे होणार नाही. आमचा आजार नुसता देहाचा नाही. भीती मनाला वाटते, मोह मनाला पडतो, शोक मनाला होतो. येशूला मानवी मनच नसेल, तर गेथसेमनीच्या बागेतील ती घालमेल कोणाची होती? देह जर केवळ अंगरख्यासारखा पांघरलेला असेल, तर लाजराच्या थडग्याशी आलेले अश्रू अंगरख्याचे, असे म्हणावे लागेल. आपण 'अवतार' न म्हणता 'देहधारण' हा शब्द वापरतो, आणि त्या 'देह' शब्दात मन, बुद्धी, इच्छा, भय हे सारे धरतो, त्याचे कारण हे आहे.

आता आपण त्या शब्दाकडे येतो, जो त्या रात्री आमच्या घशात अडकला होता.

४२८ साली कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपपदावर नेस्टोरियस आला. तो अँटिओकच्या परंपरेत वाढलेला मोठा वक्ता होता. लोक मरियेला 'देवाची माता' म्हणत, ते त्याला खटकले. देवाला आरंभ नाही. मग त्याला आई कशी असेल? मरियेने ज्याला जन्म दिला तो मनुष्य; म्हणून तिला 'ख्रिस्ताची माता' म्हणा, असे तो शिकवू लागला. वाचकहो, हे ऐकायला किती समंजस वाटते! अलेक्झांड्रियाचे बिशप संत सिरिल ह्यांनी मात्र त्यातील धोका ओळखला. कोणतीही आई स्वभावाला जन्म देत नाही, व्यक्तीला जन्म देते. रिसोडच्या त्या बाईला कोणी विचारले, 'तू कोणाची आई?' तर ती आपल्या मुलाचे नाव सांगेल. 'मी ह्याच्या देहाची आई, आत्म्याची नव्हे,' असे कोणती आई म्हणेल? मरियेच्या पोटी जो जन्मला तो कोण, हा खरा प्रश्न होता. तो जर देवाचा सनातन पुत्र असेल, तर मरिया देवाची माता. आणि ती देवाची माता नसेल, तर तिच्या मांडीवरचे मूल आणि देवाचा पुत्र हे दोघे वेगळे ठरतात; मग क्रुसावर एक जण मरतो आणि दुसरा दुरून पाहतो.

मग देव कोरडाच राहतो.

४३१ साली इफिसस येथे परिषद भरली. ती सुरळीत पार पडली असे मात्र कोणी समजू नये. अँटिओकचे बिशप वाटेत असतानाच सिरिल ह्यांनी २२ जूनला कामकाज सुरू केले आणि त्याच दिवशी नेस्टोरियसला पदच्युत केले. चार दिवसांनी अँटिओकची मंडळी पोहोचली, तेव्हा त्यांनी उलट सिरिलनाच पदच्युत केल्याचे जाहीर केले. संतांच्या हातूनही घाई होते आणि सत्याच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसालाही राग आवरत नाही, हे ह्या प्रकरणात दिसते. पण त्या पहिल्या दिवसाची एक आठवण सिरिल ह्यांच्या पत्रात आहे. बिशपांची बैठक दिवसभर चालली होती आणि नगरातले लोक बाहेर ताटकळत उभे होते. निर्णय कळल्यावर त्यांनी मशाली पेटवल्या आणि बिशपांना मुक्कामापर्यंत पोहोचवले. स्त्रिया धूप जाळीत पुढे चालल्या होत्या. त्या स्त्रियांतील कितींना ग्रीक तत्त्वज्ञान समजत होते? बहुधा आमच्या आजीला समजते तितकेच. पण कोणाला आई म्हणायचे हे त्यांना समजत होते.

ह्यानंतर युटिकेस नावाचा एक मठाधिपती पुन्हा उलट्या दिशेने घसरला. समुद्रात पडलेल्या मधाच्या थेंबासारखे ख्रिस्ताचे मनुष्यपण देवपणात विरून गेले, अशा तऱ्हेच्या मताचा ठपका त्याच्या शिकवणीवर आला. रोमचे पोप संत लिओ ह्यांनी त्यावर एक प्रदीर्घ पत्र लिहिले. भूक लागणे, तहान लागणे, दमून झोपी जाणे हे मनुष्यपणाचे; पाच भाकरींवर पाच हजारांना जेवू घालणे हे देवपणाचे; आणि दोन्हींचा धनी एकच. ४५१ च्या ऑक्टोबरात कॅल्सेडन येथे पाचशेहून अधिक बिशप जमले आणि त्यांनी शेवटचा निर्वाळा दिला. ख्रिस्त एकच, त्याचे स्वभाव दोन. त्या दोहोंत मिसळ नाही, बदल नाही, फाळणी नाही, ताटातूट नाही. हे चार 'नाही' सेमिनरीत आम्ही ग्रीक आणि लॅटिन भाषांत पाठ केले होते. रिसोडला त्या संध्याकाळी आम्ही पहिले दोन पाळले आणि शेवटचे दोन विसरलो. देवपणाला वेदना नाही, हे आम्ही सांगितले. पण ज्याला वेदना झाली तो देवच होता, हे सांगायचे राहून गेले.

कॅल्सेडनला हा खल चालला होता त्या काळी आमचे वाशिम 'वत्सगुल्म' ह्या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. त्याच घराण्यातील हरिषेणाच्या काळात, त्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची अनेक लेणी कोरली गेली. तेव्हा साहजिकच मनात येते, की त्या दूरच्या वादाची काही झुळूक आपल्या महाराष्ट्रापर्यंत आली होती काय? आली होती, आणि ती अशा मार्गाने आली की इतिहास वाचणाऱ्याने अंतर्मुख व्हावे.

इफिससचा निर्णय पर्शियाच्या साम्राज्यातील ख्रिस्ती लोकांनी स्वीकारला नाही. त्यांची पूर्वेकडील ख्रिस्तसभा वेगळी राहिली; पाश्चात्त्यांनी तिला 'नेस्टोरियन' हे नाव चिकटवले. त्या सभेचे व्यापारी आणि मठवासी समुद्रमार्गे व खुष्कीने पार चीनपर्यंत गेले. सहाव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस ह्याने पश्चिम किनाऱ्यावरील 'कल्लियाना' येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. अनेक अभ्यासक हे स्थळ म्हणजे आपले ठाणे जिल्ह्यातील कल्याण मानतात. तसे असेल, तर आपल्या प्रदेशात प्रभूचे नाव ज्यांनी आधी घेतले, ते बहुधा इफिससचा शब्द न मानणारे होते.

पुढे १३२१ साली ठाण्याच्या बंदरात चार फ्रान्सिस्कन उतरले. टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे डिमिट्रियस. त्यांच्याबरोबर डॉमिनिकन संघाचे जॉर्डानस होते. त्यांना खरे तर कोल्लमला जायचे होते. ठाण्यात त्या वेळी नेस्टोरियनांची पंधरा घरे होती, असे नंतर तेथे आलेला ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी लिहितो; लिहिताना तो त्यांना पाखंडीही म्हणतो. पण त्या चौघांना आसरा मिळाला तो अशाच एका घरात. जॉर्डानस सोपाऱ्याच्या बाजूला गेले असताना त्या घरातल्या नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने बायकोला मारले. तिने काझीकडे फिर्याद नेली आणि घरी उतरलेल्या परदेशी साधूंना साक्षीदार म्हणून सांगितले. साक्षीसाठी गेलेल्या साधूंशी तेथे धर्मचर्चा सुरू झाली. तिचा विषय काय होता? ख्रिस्त केवळ मनुष्य की देवही? थॉमस ह्यांनी तो खरा देव आणि खरा मनुष्य असल्याचे प्रतिपादन केले. नायसिया आणि कॅल्सेडनचा प्रश्न जणू ठाण्याच्या न्यायासनापुढे उभा राहिला होता! पुढे चर्चा चिघळली आणि त्या एप्रिलमध्ये त्या चौघांना प्राण गमवावे लागले. दिल्लीच्या सुलतानाने ह्या कृत्याबद्दल तेथील अधिकाऱ्याला शासन केले, असेही ओडोरिक सांगतो, तेव्हा त्या प्रसंगाचा ठपका कोणी एखाद्या समाजावर ठेवू नये. जॉर्डानस ह्यांनी सोबत्यांच्या देहांना सोपाऱ्यास माती दिली.

ही कथा आम्ही पूर्वी हुतात्म्यांची कथा म्हणून अनेकदा सांगितली होती. आता तिच्यातले ते घर आम्हाला दिसू लागले. 'देवाची माता' हा शब्द ज्यांच्या प्रार्थनेत नव्हता, त्यांनी तो शब्द प्राणापलीकडे जपणाऱ्यांसाठी दार उघडले, भाकर घातली. पंधरा घरांची ती वस्ती होती. आमची रिसोडची सात. थोड्या लोकांना पाहुण्याची किंमत कळते.

मराठी मनाने हा प्रश्न पुढे आपल्या बळावरही विचारला आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पंथात झाला, आणि त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे त्या ख्रिस्ताचे देवत्व आणि त्रैक्य ह्यांविषयी आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनी जेराल्डीन व मिस बील ह्यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. केवळ चर्च सांगते म्हणून मानणे त्यांना मान्य नव्हते. आम्ही कॅथलिक धर्मगुरू. त्यांची सारी मते आम्ही स्वीकारणार नाही. पण तोंडदेखले 'आमेन' म्हणण्यापेक्षा तो वाद श्रेष्ठ होता. ज्या बाईने आई, वडील आणि बहीण दुष्काळात भुकेने गमावली, तिला देवाविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार कोण नाकारील? पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळात उघड्या पडलेल्या शेकडो बायकामुलींना जवळ केले आणि अखेरपर्यंत मराठी बायबलच्या भाषांतरासाठी त्या झिजल्या.

नेस्टोरियसविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून हे प्रकरण पुरे होणार नाही. तो इजिप्तच्या वाळवंटात हद्दपारीत वारला. तेथे त्याने लिहिलेल्या एका ग्रंथाचे सिरियाक भाषांतर टिकून राहिले आणि १९१० साली छापून प्रसिद्ध झाले. त्यात तो पोप लिओंच्या मताचे स्वागत करतो. आपल्याला हेच म्हणायचे होते, असा त्याचा सूर आहे. तो खरोखर ख्रिस्ताचे दोन तुकडे करीत होता, की त्याला नेमका शब्द सापडत नव्हता, ह्याविषयी आज विद्वान पूर्वीइतके ठामपणे बोलत नाहीत. अखेरीस ११ नोव्हेंबर १९९४ रोजी रोम येथे पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेकडील असिरियन ख्रिस्तसभेचे प्रमुख मार दिन्खा चौथे ह्यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. ख्रिस्त खरा देव आणि खरा मनुष्य आहे, हा दोघांचा विश्वास एकच आहे, असे त्यांनी मान्य केले. आपण मरियेला 'देवाची माता' म्हणतो. ते तिला 'आपला देव आणि तारणारा ख्रिस्त ह्याची माता' म्हणतात. दोन्ही संबोधने एकाच श्रद्धेतून आलेली आहेत, असे ठरले. इफिससपासून तेथवर यायला १,५६३ वर्षे लागली.

शब्द नेमका असावा लागतो, हे इफिससने आम्हाला शिकवले. शब्दामागचा माणूस ऐकावा लागतो, हे ठाण्याच्या त्या घराने आणि १९९४ सालाने शिकवले. रिसोडला आम्ही शब्द नेमके बोललो होतो, पण विचारणारीला ऐकले नव्हते. तिने देवाच्या स्वभावाची चौकशी केली नव्हती. आपले लेकरू तडफडत असताना वर कोणी होते का, एवढेच तिला हवे होते.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. सोंगणी संपली होती. रानात हरभरा पेरला जात होता. मिस्सा झाल्यावर आम्ही आपण होऊन त्या बाईपाशी गेलो आणि सांगितले, की त्या दिवशी आमचे सांगणे अर्धे राहिले. देवाला त्याच्या देवपणात मरण नाही, हे खरे. आणि म्हणूनच तो मरणातून कोणाला बाहेर काढू शकतो. पण ज्याला मरण नाही, त्यानेच मरता येईल असे आयुष्य स्वतःचे म्हणून घेतले. क्रुसावर तहान लागली ती त्याला. रडला तो तोच. दुसऱ्या कोणाला पुढे करून तो मागे राहिला नाही. तो कोरडा राहिला नाही.

तिने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग विचारले, "मंग तवा त्याच्या मायजवळ कोन होतं?"

योहान होता, आम्ही म्हणालो. तिची बहीण होती, आणखी दोघीतिघी बाया होत्या.

"बरं झालं," ती म्हणाली. "येकटी नव्हती."

सेमिनरीत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता आणि त्यावर आम्ही काही भाष्यही केले नाही. जीप यायला अवकाश होता. आम्ही तेथेच ओसरीवर तिच्या शेजारी बसून राहिलो. आत आजीने जपमाळ सुरू केली होती. आपली पाळी आली तशी आम्ही दोघांनी अर्धी प्रार्थना म्हटली, आणि 'देवाच्या माते' हा शब्द ह्या वेळी घशात अडकला नाही.